एकदाच विचारतात

लुडविग्सहाफेनच्या त्या वर्गात सगळे स्पॅनिश बोलणारे होते, आणि एक उत्कर्षा होती. आता पिंपरीची, एम.एस्सी. केमिस्ट्री झालेली, राजानंद ओव्हाळांची थोरली लेक स्पॅनिश लोकांत काय करत होती, असं कुणीही विचारेल. सासूबाई तर रोज विचारत होत्या. उत्तर साधं होतं. खुर्च्या भरायच्या होत्या.

झालं असं, की शहरातले जर्मनचे सकाळचे सगळे वर्ग भरलेले. संध्याकाळी जायचं तर लेकीला बघणार कोण? नवरा जीवन तिथल्या त्या अवाढव्य केमिकल कारखान्यात पंपांचा इंजिनियर. घरी आला की एका पायातला बूट काढेपर्यंत त्याला झोप लागलेली असायची. मग कुणीतरी सांगितलं, स्टेशनच्या मागे स्पॅनिश लोकांचं एक फेराइन आहे, म्हणजे आपल्यासारखं मंडळच. तिथे बाहेरून आलेल्या मोठ्या माणसांना जर्मन शिकवतात, वर नोकरीचं प्रशिक्षण देतात, आणि सगळं सकाळी. उत्कर्षा गेली. फेराइनचे अध्यक्ष डॉन आन्सेल्मो म्हणजे तरुणपणी स्पेनहून इथे कामाला आले आणि 'पुढच्या वर्षी परत जातो' म्हणता म्हणता म्हातारे झाले, असे गृहस्थ. त्यांच्या वर्गाला एक माणूस कमी पडत होतं, आणि एक जरी खुर्ची रिकामी राहिली तर सरकार अनुदान देणार नव्हतं.

"स्पॅनिश येतं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"येईल," असं म्हणून त्यांनी तिचं नाव लिहूनही टाकलं.

आणि आलं की हो! न येऊन सांगतंय कुणाला? मास्तरीणबाई जर्मन शिकवायच्या ते स्पॅनिशमधून. जर्मन शब्द फळ्यावर, त्याचा अर्थ स्पॅनिशमध्ये, आणि उत्कर्षा मधल्यामध्ये लटकलेली. जर्मनीत फुटबॉलचा वर्ल्ड कप होऊन गेला त्या वर्षीचा हिवाळा संपेस्तोवर तिला दोन्ही भाषा बऱ्यापैकी यायला लागल्या. जर्मन जरा अडखळत, स्पॅनिश फाडफाड. जर्मनीत चार वर्षं राहून बाई स्पॅनिश शिकली, हे जीवन ऑफिसात सगळ्यांना हसून सांगायचा. तो हसला की तिला राग यायचा. चार वर्षं तिच्या पासपोर्टातल्या कागदावर तिची ओळख एकाच शब्दात होती, ती म्हणजे 'पत्नी'. लग्नाआधी भोसरीच्या रंगाच्या कारखान्यात ती प्रयोगशाळेत होती. तिने नापास केला तर ड्रमच्या ड्रम माल परत जायचा, मोठे मोठे पुरुष तिच्यापुढे हातात टोपी घेऊन उभे राहायचे. इथे ती भाजीच्या दुकानात बोट दाखवून कोबी मागत होती. तिला तो पांढरा कोट परत हवा होता. बाकी काहीही नको होतं.

वर्गात तशी सगळीच अशी. पेरू देशातला एक दातांचा डॉक्टर होता, तो पिझ्झा पोचवायचा. कोलंबियाची हिशेबनीस हॉटेलात चादरी बदलायची. आणि इक्वेडोरची मारिसोल, उत्कर्षाची बाकावरची शेजारीण, तिकडे कोळंबीच्या निर्यात कंपनीत पाणी तपासायची. दोघींचं जमलं ते तिथेच. एक रंग तपासणारी, एक पाणी तपासणारी; मधल्या सुट्टीत दोघी टायट्रेशनच्या गप्पा मारायच्या, तेही स्पॅनिशमध्ये. बाकीच्यांना वाटायचं, सासूबद्दल बोलताहेत.

नोकरीचं प्रशिक्षण द्यायला हेर केसलर, म्हणजे केसलरसाहेब, यायचे. ते पूर्वी एका कंपनीत माणसं निवडायचे. कंपनीने त्यांनाच काढून टाकल्यावर नोकरी कशी मिळवावी हे ते इतरांना शिकवायला लागले. पहिल्याच दिवशी त्यांनी बिस्किटांचा मोठा डबा आणला, उघडला आणि एकेकापुढे धरला.

"घेणार?"

"नाइन, डांके," पेरूचा डॉक्टर संकोचून म्हणाला, म्हणजे नको, आभारी आहे. केसलर पुढे सरकले. हिशेबनीस लाजून नको म्हणाली. केसलर पुढे. मारिसोलने छातीवर हात ठेवून इतकं गोड नको म्हटलं, की आपल्याकडे असती तर तिच्या ताटात चार पडली असती. केसलर पुढे. एकट्या उत्कर्षाने "जा, गेर्ने", म्हणजे हो, आनंदाने, म्हणून दोन बिस्किटं उचलली. मग त्यांनी डबा बंद केला, टेबलावर बसले आणि सगळ्यांच्या देखत एक-एक करून बिस्किटं खाऊ लागले. वर्ग बघत बसला. त्यांच्या देशांतही पाहुणा पहिल्यांदा नको म्हणतो आणि यजमान हाताला धरून खायला लावतो. इथे यजमान स्वतःच खात होता.

"हे जर्मनी आहे," केसलर तोंडात बिस्किट असतानाच म्हणाले. "इथे एकदाच विचारतात. नाही म्हटलं की नाही. ह्या भारतीय बाईंना ते कळलंय. शाबास!"

उत्कर्षाला काय वाटलं म्हणता! चार वर्षांत या देशात तिला पहिल्यांदा कुणी शाबास म्हणालं होतं. मग काय, ती वर्गाची गुरूच झाली. मधल्या सुट्टीत ती मारिसोलला बसवून सराव घ्यायची. कॉफी घेणार? जा. सफरचंद घेणार? जा. माझी छत्री? "पण बाहेर पाऊस नाहीये," मारिसोल म्हणायची. "तरी जा म्हण," उत्कर्षा दटावायची. "आधी घ्यायचं, मग विचार करायचा."

घरीही तेच. सासूबाई, प्रभावतीबाई, तीन महिन्यांसाठी नातीला बघायला आल्या होत्या. शेजारच्या म्हातारीने त्यांना कौतुकाने कॉफीला बोलावलं, पुढे केकची थाळी सरकवली. ह्यांनी सवयीने हात हलवून नको नको केलं, आणि म्हातारीने थाळी उचलून आत नेऊन ठेवली. प्रभावतीबाई घरी आल्या त्या उपाशी आणि घुश्शात. "अशी कशी गं ही बाई? बोलावून उपाशी ठेवते!"

"अहो आई, इथे एकदाच विचारतात," उत्कर्षा म्हणाली, आणि तिने सासूबाईंना अर्धा तास लेक्चर दिलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान! पण ते पुढे कळायचं होतं.

उन्हाळा लागला तशी वर्गातल्या सगळ्यांना प्राक्टिकुमला पाठवलं. म्हणजे एखाद्या ठिकाणी महिनाभर बिनपगारी काम करून दाखवायचं, आवडलात तर ठेवून घेतात. उत्कर्षा आणि मारिसोल, दोघींना एकाच ठिकाणी पाठवलं: ऱ्हाईनकाठच्या एका छोट्या रंगाच्या कारखान्याची प्रयोगशाळा. आणि जाताना केसलरांनी सांगितलं, की तिथे जागा एकच आहे, कायमची, पगारी. दोघी ट्रॅममध्ये शेजारी बसल्या, एकमेकींकडे बघून हसल्या आणि बाकीचा रस्ता खिडकीबाहेर बघत राहिल्या.

प्रयोगशाळेच्या प्रमुख फ्राऊ डॉक्टर हार्टमान, म्हणजे डॉक्टर हार्टमानबाई. उंच, पांढरे आखूड केस, कमी बोलणाऱ्या. दुपारी जेवणाच्या जागी सफरचंद चिरून खाणाऱ्या. त्यांनी दोघींना कोट दिले. उत्कर्षाने बाह्या घातल्या, बटणं लावली, आणि तिला एकदम रडू येईलसं झालं. रंग किती दाट आहे ते बघायला बुडाला भोक पाडलेला पेला असतो. रंग भरायचा, खालचं बोट काढायचं आणि धार तुटेस्तोवर घड्याळ धरायचं. भोसरीला पेला वेगळ्या मापाचा होता, पण धार तीच. पहिल्या आठवड्यात फ्राऊ डॉक्टर तिच्या मागे उभ्या राहून बघायच्या. दुसऱ्या आठवड्यात बघायचं बंद केलं. जर्मनीत याहून मोठं कौतुक नाही, हे तिला ठाऊक होतं.

मारिसोलही काही कमी नव्हती, पण तिला रंगातलं शिकावं लागत होतं. उत्कर्षाला फक्त आठवावं लागत होतं. मारिसोल स्वतःच म्हणायची, "तुलाच मिळणार." उत्कर्षा म्हणायची, "छे गं." आणि घरी येऊन लेकीला झोपवताना मनातल्या मनात पहिल्या पगारात काय काय घ्यायचं ते ठरवायची.

शेवटच्या शुक्रवारी फ्राऊ डॉक्टरांनी तिला आपल्या खोलीत बोलावलं. दार लावलं. बसा म्हणाल्या.

"तुमचं काम मला आवडलं," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे जागा आहे. तुम्हाला हवी आहे का?"

आणि उत्कर्षा म्हणाली, "नाइन, नाइन! मी कसली, फ्राऊ डॉक्टर! मारिसोलसुद्धा किती छान काम करते."

घ्या! वर्षभर बिस्किटं आणि छत्र्या, आणि ऐन वेळी हे. पण बिचारीला बोल लावण्याआधी हे ऐका. ते 'नको' तिचं नव्हतंच. ते तिच्या वडिलांचं, राजानंदांचं होतं. राजानंद लहान असताना त्यांच्या गावात लग्नाची शेवटची पंगत उठली, की कुणीतरी वस्तीकडे तोंड करून ओरडायचं, "या रे, उरलंय!" सगळी पोरं धावायची. राजानंदांची आई मात्र त्यांचा दंड घट्ट धरून ठेवायची. पोटात कावळे ओरडत असले तरी सोडायची नाही. पुढे खडकीच्या कारखान्यात कारकून झाल्यावर राजानंदांनी घरात नियमच केला: कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा नको म्हणायचं. ज्याला मानाने द्यायचंय तो पुन्हा विचारतो. ज्याला उरलेलं खपवायचंय तो विचारत नाही. त्यावरून माणूस ओळखायचा. उत्कर्षा आणि तिचे भाऊ या नियमावर वाढले. पेढ्याला नको, केकला नको, शेजारच्या काकूंच्या शिऱ्याला नको. आणि काकूंनी पुन्हा आग्रह केला की मग दोन-दोन वाट्या.

बिस्किटापुरतं तिने स्वतःला बदललं होतं. बिस्किट काय, मिळालं मिळालं, नाही मिळालं नाही. पण जे जिवापाड हवं असतं ना, ते समोर आलं की माणूस पुन्हा सात वर्षांचं होतं.

फ्राऊ डॉक्टर क्षणभर तिच्याकडे बघत राहिल्या. "शाडे," त्या म्हणाल्या, म्हणजे वाईट वाटलं. मग मान डोलावली, उठून हात मिळवला आणि दार उघडून धरलं.

आता गंमत बघा, उत्कर्षा बाहेर आली ती आनंदात! विचारलं की हो, मला विचारलं! येताना तिने चांगल्यापैकी केक घेतला. घरी प्रभावतीबाई भात वाढत होत्या, जीवन एका पायात बूट घेऊन सोफ्यावर.

"मला जागा दिली," ती दारातूनच म्हणाली.

"काय सांगतेस!" जीवन उठून बसला. "कधीपासून जायचं?"

"ते अजून ठरायचंय. पुन्हा विचारतील ना."

"पुन्हा म्हणजे? तू काय म्हणालीस?"

"मी नको म्हटलं. म्हणजे तसं नको नाही रे! पहिल्यांदाच लगेच हो कसं म्हणायचं, बरं दिसतं का ते?"

भाताचा डाव हवेत तसाच धरून प्रभावतीबाई सुनेकडे बघत राहिल्या. मग अगदी शांतपणे म्हणाल्या, "अगं उत्कर्षा, इथे एकदाच विचारतात म्हणे."

उत्कर्षाच्या हातातला केक तिथेच टेबलावर राहिला, तो कुणी कापला नाही.

तरी तिने आशा सोडली नाही. शनिवारी ती फोनजवळून हलली नाही. रविवारी या देशात कुणी कुणाला फोन करत नाही, हे माहीत असूनही अंघोळीला जाताना तिने सासूबाईंना फोनशेजारी बसवलं. सोमवारी दुपारी फोन वाजला. तिने झडप घातली. मारिसोल होती.

"अगं, त्यांनी मला विचारलं!" मारिसोल रडत होती की हसत होती, कळत नव्हतं. "फ्राऊ डॉक्टरांनी! म्हणाल्या, तू नको म्हणालीस. तू का गं नको म्हणालीस? आणखी मोठं काही मिळालंय का तुला? मला तर काय बोलावं सुचेना. तोंडातून नाइनच यायला लागलं होतं बघ, आमच्याकडे असं लगेच हो म्हणत नाहीत. पण तुझी आठवण झाली. छत्री! आधी घ्यायचं, मग विचार करायचा. मी त्यांचं बोलणं संपायच्या आत जा म्हटलं. तुझ्यामुळे मिळाली मला ही नोकरी, फक्त तुझ्यामुळे!"

"अभिनंदन," उत्कर्षा म्हणाली. तिने ते तीनही भाषांत म्हटलं, फोन ठेवला, बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडली. दैव देतं आणि कर्म नेतं, ते असं. राग तरी कुणावर काढायचा? मारिसोलवर? तिने तर शिकवलेलं केलं. फ्राऊ डॉक्टरांवर? त्यांनी विचारलं होतं. मग राहिले एकच. तिने डोळे पुसले, कॉलिंग कार्ड काढलं आणि बाबासाहेबांच्या फोटोखालच्या फोनवरून पिंपरीचा नंबर फिरवला.

"जय भीम, बाबा."

"जय भीम! बोल बाळ. नोकरीचं काय झालं?"

"गेली. तुमच्यामुळे गेली." आणि तिने सगळं सांगितलं. लहानपणापासूनचं सगळं, पेढे, केक, शिरा, पंगत आणि शेवटी प्रयोगशाळा. "तुम्हीच शिकवलंत ना, पहिल्यांदा नको म्हणायचं? म्हटलं. इथे दुसऱ्यांदा विचारतच नाहीत, बाबा! मानाने द्यायचं असलं तरी नाही, अपमान करायचा असला तरी नाही!"

राजानंदांनी आधी जागेचीच चौकशी केली.

"कसली जागा होती म्हणालीस?"

"प्रयोगशाळेत. पगारी. कायमची."

"आणि तू नको म्हणालीस."

"पहिल्यांदाच हो, बाबा!"

"अगं ए येडे!" राजानंद इतक्या जोरात ओरडले, की प्रभावतीबाईंनी स्वयंपाकघरातून डोकावून बघितलं. "मी ताटाचं सांगितलं होतं तुला! ताटाचं! कामाचं कधी सांगितलं?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? खडकीला मोठे साहेब म्हणाले, 'ओव्हाळ, ऑफिसात कारकुनाची एक जागा...' एवढंच म्हणाले होते. वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हणालो. आणि त्यांना ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा हो म्हणालो. अगं, जेवण दुसऱ्याचं असतं, ते नाकारावं. काम आपलं असतं. ते कुणी वाढतं का आपल्याला? शिकून मिळवलेलं आहे ते. त्याला नको म्हणतात का?"

"हे तुम्ही कधी सांगितलंच नाही मला."

"त्यात काय सांगायचं? ते कळतंच की!"

पस्तीस वर्षांची उत्कर्षा, एम.एस्सी., वडिलांचा नियम अर्धाच घेऊन आयुष्यभर फिरत होती, आणि उरलेला अर्धा कुणी तिला सांगितलाच नव्हता, कारण तो सांगण्यासारखा आहे असं कुणाला वाटलंच नव्हतं. हसावं की रडावं?

"उद्या जा," राजानंद म्हणाले. "जागा गेली तर गेली. पण हवी होती म्हणून सांगून ये. नाहीतर त्या बाईला जन्मभर वाटेल, की नको होती."

मंगळवारी उत्कर्षा गेली. ट्रॅममध्ये ती वाक्यं जुळवत होती. जर्मनमध्ये क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे एकदा वाक्य सुरू केलं की पळून जाता येत नाही. फ्राऊ डॉक्टर खोलीत सफरचंद चिरत होत्या. तिला बघून सुरी खाली ठेवली.

"मला ती जागा हवी होती," उत्कर्षा बसायच्या आधीच म्हणाली. "मी नाइन म्हणाले, पण मला हवी होती. आमच्या घरी पहिलं उत्तर खरं नसतं. माणूस पुन्हा विचारतो, मग आपण हो म्हणतो. तशी रीत आहे. चूक माझी आहे. जागा मारिसोलची आहे, ती चांगली आहे, मला ती परत नकोय. फक्त तुम्हाला कळावं म्हणून आले."

फ्राऊ डॉक्टर तिच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांचा चेहरा लालबुंद झाला. जर्मन बाईचा चेहरा लाल होताना उत्कर्षाने पहिल्यांदाच पाहिला.

"आणि मी शुक्रवारपासून तळमळतेय," त्या म्हणाल्या. "तुमचा विद्यापीठाचा कागद मी बघितला होता. एम.एस्सी.! आणि मी तुम्हाला लॅबोरंटची, साध्या मदतनिसाची, जागा विचारली. तुम्ही इतक्या झटकन नाइन म्हणालात, की मला वाटलं, मी तुमचा अपमान केला. नवऱ्याला म्हटलंसुद्धा, त्या बाई फार वरच्या आहेत, मी त्यांना हे विचारायलाच नको होतं. मग पुन्हा कशी विचारू? पुन्हा विचारणं म्हणजे दबाव आणणं. म्हणजे अनादर."

हे असं होतं बघा. एकीने मानापायी नको म्हटलं, दुसरीने मानापायी पुन्हा विचारलं नाही, आणि दोघींच्या मानामानात नोकरी ट्रॅममध्ये बसून मारिसोलकडे गेली. उत्कर्षाला हसू फुटलं. फ्राऊ डॉक्टरांना फुटलं नाही. त्या विचार करत होत्या.

"आल्झो," त्या शेवटी म्हणाल्या, म्हणजे 'तर मग'. "आमची सिल्के ऑक्टोबरपासून बाळंतपणाच्या रजेवर जातेय. तिच्या जागी वर्षभरासाठी माणूस लागेल. इतर दोन अर्ज आलेत, पण मला तुम्ही हव्या आहात. तुम्हाला हवी आहे का ती जागा?"

"जा!" उत्कर्षा म्हणाली. सिल्केच्या नावाचाही तिने विचार केला नाही, वर्षाचाही नाही, पगाराचाही नाही. "जा, जा!"

फ्राऊ डॉक्टरांनी हसून एक बोट वर केलं. "नाही नाही. आता मला कळलं तुमचं. पहिलं उत्तर मोजायचं नाही." त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. "तुम्ही निवांत घरी जा. मी तुम्हाला सोमवारी पुन्हा विचारीन."

शास्त्रज्ञ बाई! एकदा नियम कळला की झालं, आता सगळ्यांना लागू. सोमवार म्हणजे मधे शनिवार, रविवार, फोनशेजारी सासूबाई, आणि ते दोन अर्ज. उत्कर्षाने तोंड उघडलं. आमच्याकडे नको हे पहिलं असतं, हो हे शेवटचं असतं. ताटाचं वेगळं, कामाचं वेगळं. माझे वडील खडकीला असताना... आणि मधेच जर्मन संपलं. स्पॅनिश आलं, ते गिळलं. मराठी आलं, तेही गिळलं.

मग तिने टेबलावरून सरळ हात पुढे केला.

"सोमवारी नाही," ती म्हणाली. "आत्ता."

"पण तुमच्याकडे तर..."

"आमच्याकडे ते जेवणाला. कामाला नाही."

हात तसाच होता. तिने तो मागे घेतला नाही. तिच्या घराण्यात आजवर कुणी कुणापुढे असा हात धरला नव्हता, आणि हा हात मागणाऱ्याचा नाही हे तिला आणि पिंपरीत बाबांनाही नीट ठाऊक होतं. फ्राऊ डॉक्टरांनी त्या हाताकडे पाहिलं, तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, सफरचंदाने चिकट झालेली बोटं कोटाला पुसली आणि हात घट्ट धरला.

"नक्की?" त्यांनी हात न सोडता विचारलं.

उत्कर्षाने "जा" म्हटलं, आणि त्यांना ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा म्हटलं.